नव्वद गुंठ्यांचे शंभर

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हा नकाशा म्हणजे बातमीच्या कोपऱ्यात बसवायचं चित्र होतं. जागा उरली तर तो लागायचा, उशिरा जाहिरात आली तर निघायचा. नकाशा चुकला म्हणून कुणी फोन केल्याचं आठवत नाही. आडनाव चुकलं तर मात्र दुसऱ्या दिवशी माणसं दारात उभी असत.

नोकरी सोडल्यावर मी सदाशिव पेठेत एका खोलीत नकाशे करण्याचं काम सुरू केलं. भागीदार म्हणजे भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर स्पर्धा परीक्षांचा क्लास, मधल्या मजल्यावर आम्ही. शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, संस्थांचे अहवाल, प्रभागांच्या पुस्तिका, अशी कामं येत. शनिवारी शिक्षकांसाठी कार्यशाळा असे. तिच्यात सर जगाचे निरनिराळे नकाशे शेजारी शेजारी लावत. एका नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसे, दुसऱ्यात आफ्रिकेच्या पदराशी चिकटलेल्या तुकड्याएवढं. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची तर कुठेतरी ताण द्यावाच लागतो. तो कुठे आणि किती द्यायचा हे ठरवण्याच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात, इतकं सांगून सर थांबत आणि प्रश्नांची वाट पाहत.

एकदा एका शिक्षकाने विचारलं, "सर, पुण्यात राहणाऱ्या माणसाचा ग्रीनलँडशी काय संबंध?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "तिथे जागा घ्यायचा विचार नसेल तर."

सगळे हसले. त्याच कार्यशाळेतल्या एका शिक्षिकेने पुढच्या आठवड्यात आपल्या शेजारणीला आमच्याकडे पाठवलं.

त्या बाई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, ड्यूटी संपवून थेट आलेल्या. खोलीत शिरताना त्यांनी चपला काढल्या, त्या जोडीने भिंतीला लावल्या, मग म्हणाल्या, "मला सिस्टर म्हणा. वस्तीत ताई म्हणतात, पण तुम्ही वस्तीतले नाही."

त्यांची वस्ती पुण्याबाहेर, मांजरी आणि लोणी काळभोर यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पन्नासेक घरं, सगळी बौद्ध कुटुंबं. आजोबांच्या पिढीला सरकारी आदेशाने नव्वद गुंठे जागा मिळाली, तीवर घरं उभी राहिली. पुढे लोकांनी श्रमदानाने विहार बांधला, विहाराला लागून अभ्यासिका. मांजरीतून आणि लोणीतूनही मुलं तिथे अभ्यासाला येतात, कारण तिथे पंखा चालतो आणि कुणी उठवत नाही.

सिस्टरांनी पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर पसरली. एका सरकारी कार्यालयासाठी एका खासगी कंपनीने केलेला त्यांच्या वस्तीचा नकाशा. वस्तीचं क्षेत्र शंभर गुंठ्यांहून किंचित जास्त दाखवलेलं. नोंद नव्वदची, म्हणजे दहा गुंठे अतिक्रमण. पश्चिमेला कालवा, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला उसाच्या शेताचा बांध. या तीन बाजू हलणाऱ्या नाहीत, तेव्हा वाढीव जागा चौथ्या बाजूची असणार असं कंपनीने धरलं होतं. पूर्वेच्या कडेने एक लाल पट्टा ओढला होता. त्या पट्ट्यात विहार, अभ्यासिका आणि पाच घरं येत होती.

"जागा मोकळी का करू नये, याचं उत्तर मागितलंय," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही एक इंच सरकलो नाही. कुंपण आहे तिथेच आहे. मग दहा गुंठे आले कुठून?"

सरांनी नकाशा खिडकीपाशी नेला. घरांकडे, पट्ट्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांतली एक ओळ होती, ती वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, हे बघा. ग्रीनलँड मांजरीला आलं."

मोबाइलवर आपण रोज जो नकाशा उघडतो, तो एका विशिष्ट प्रक्षेपणात केलेला असतो. त्याचे चौकोनी तुकडे करणं सोपं जातं, बोटांनी मोठा-लहान केला तरी रस्त्यांचे कोन बिघडत नाहीत, म्हणून तो सगळीकडे वापरतात. विषुववृत्तापासून जसजसं वर किंवा खाली जावं, तसतसा तो प्रत्येक गोष्ट ताणत जातो. त्या नकाशातला मीटर पुण्यात खरा मीटर राहत नाही. कंपनीने जागा मोबाइलने नोंदवली होती आणि क्षेत्रफळ थेट त्या ताणलेल्या नकाशावर काढलं होतं. कोपऱ्यातल्या ओळीत त्याच प्रक्षेपणाचं नाव होतं.

सर हे समजावू लागले. सिस्टरांनी त्यांना अर्ध्यावर थांबवलं.

"म्हणजे हाताला क्रेप बँडेज गुंडाळतो तसं. मनगटाशी सैल बसतं, कोपरावर ताणतं. ताणलं की विणीची भोकं मोठी दिसतात. पण भोकं तेवढीच असतात."

"अगदी. विषुववृत्त म्हणजे मनगट. पुणे जरा वर आहे, त्यामुळे ताण थोडाच."

"थोडाच म्हणजे किती?"

"लांबीत शंभराला पाच-साडेपाच. क्षेत्रफळात लांबीचा ताण येतो आणि रुंदीचाही. म्हणजे शंभराला अकरा."

"आणि नव्वदाला?"

"दहा," सर म्हणाले.

सिस्टर खुर्चीत मागे टेकल्या. "थोडाच," त्या म्हणाल्या. "आमचा विहार तेवढ्यात बसतो."

हा अंदाज होता, पुरावा नव्हता. डेस्कवर एकाच सूत्राच्या भरवशावर बातमी सोडायची नाही अशी शिस्त होती. ती मी सांगितली. जागेवर जाऊन स्वतः नोंदी घ्यायच्या, त्या वेगवेगळ्या प्रक्षेपणांत टाकून बघायच्या आणि मग बोलायचं. सिस्टर म्हणाल्या, "या रविवारी माझी सुट्टी आहे. आणि पायांत बूट घाला. बांधावर काटे आहेत."

रविवारी सकाळी आम्ही वस्तीत पोचलो तेव्हा लोकांनी आमच्याकडे प्रेमाने पाहिलं नाही. त्यात वावगं काही नव्हतं. आधीची माणसंसुद्धा अशीच हातात मोबाइल धरून फिरली होती.

दारात लसूण सोलत बसलेल्या एका आजीने मला हटकलं. "मागल्या पोरांनी बी असंच फोन धरून फेरी मारली. च्या पिऊन गेली. मग लाल पट्टा आला. आता तुमचा कोणता रंग हाय?"

"आत्या, ही आपली माणसं आहेत," सिस्टर म्हणाल्या.

ते मला खोडावं लागलं. आम्ही कुणाच्या बाजूचे नाही, जे निघेल ते लिहून देऊ, असं मी सांगितलं. आजीने लसणाची पाकळी ताटात टाकली. "मग तुमाला च्या न्हाई," ती म्हणाली. थोड्या वेळाने चहा आला, पण तो सरांसाठी होता. त्यांनी माझ्याकडे पाहत तो सावकाश प्यायला.

मोबाइलवरचं काम दिसायला सोपं असतं. ॲपमध्ये आधीच एक तक्ता तयार केलेला असतो: सीमेचा कोपरा, घराचा कोपरा, खांब, झाड. जागेवर उभं राहायचं, प्रकार निवडायचा, फोटो घ्यायचा, बिंदू जतन करायचा. खरं काम वाट पाहण्याचं असतं. पडद्यावर आपल्याभोवती एक निळं वर्तुळ असतं. फोनला आपल्या जागेबद्दल किती खात्री आहे ते त्यावरून कळतं. उपग्रह नीट सापडले की वर्तुळ लहान होतं. झाडाखाली, पत्र्याच्या भिंतीजवळ ते फुगतं आणि बिंदू भटकू लागतो. वर्तुळ बसेपर्यंत हलायचं नाही. ऊन असेल तर पडदा दिसत नाही. सिस्टर त्यावर पदर धरून उभ्या राहत. दक्षिणेच्या बांधावर ऊस डोक्याच्या वर गेला होता. तिथे पाती कानाला लागत होती आणि वर्तुळ बसायला तयार नव्हतं. सर बांधावर उभे राहून म्हणाले, "विद्यापीठात इतकी वाट प्रमोशनची पाहिली होती."

एक फेरी पुरी झाली की तीच सीमा पुन्हा चालायची, उलट दिशेने, दुसऱ्या फोनने. दोन्ही फेऱ्या जुळल्या नाहीत तर तिसरी. दुपारपर्यंत वस्तीतली निम्मी माणसं आमच्या मागून चालू लागली होती. अभ्यासिकेतल्या एका मुलीने ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं आणि घरांचे कोपरे ती घेऊ लागली. आजी दारातून ओरडली, "माझ्या घराचे चारी कोपरे घे गं. एक बी सोडू नको."

संध्याकाळी पेठेतल्या खोलीत ते बिंदू संगणकावर उघडले. आधी कंपनीने वापरलेल्या प्रक्षेपणात टाकले: शंभर गुंठे आणि वर थोडं. म्हणजे कंपनीच्या मुलांनी जागा चुकीची नोंदवलेली नव्हती. चाल त्यांची बरोबर होती, हिशोबच चुकला होता. मग पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टी वेगळी सपाट करणाऱ्या पद्धतीत टाकले. पुणे ज्या पट्टीत येतं तिच्यात ताण नगण्य असतो. उत्तर आलं साडेनव्वद गुंठे. मग क्षेत्रफळ राखणाऱ्या, बाकी काहीही वाकडं करणाऱ्या प्रक्षेपणात टाकले. पुन्हा साडेनव्वद.

आता अर्ध्या गुंठ्याचा प्रश्न होता.

फोनच्या नोंदींत चूक असतेच. आमच्या दोन फेऱ्यांमधला फरक पाहता, एकूण क्षेत्र दीड गुंठा इकडे किंवा तिकडे सरकू शकत होतं. सर म्हणाले, "अर्धा गुंठा चुकीच्या पोटात जातो. नव्वद लिहा."

"नव्वद निघालेले नाहीत," मी म्हटलं. "साडेनव्वद निघालेत, दीड कमी-जास्त. तेच लिहायचं."

"तुम्ही लिहा. समोरचा माणूस 'अर्धा गुंठा अतिक्रमण' एवढंच वाचेल. 'कमी-जास्त' कुणी वाचत नाही. वर्तमानपत्रात तुम्हीच हे करत आलात."

सिस्टरांना फोन लावून दोन्ही बाजू सांगितल्या. त्या वॉर्डात होत्या. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. त्या म्हणाल्या, "पेशंटचा ताप नव्व्याण्णव असेल तर मी अठ्ठ्याण्णव लिहीत नाही. साडेनव्वद लिहा. आम्ही काय चोर आहोत लपवायला?"

तसं लिहिलं.

सुनावणी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर झाली. टेबलामागे अधिकारी, त्यांच्या उजवीकडे कंपनीचा इंजिनियर, लॅपटॉप उघडा. समोर सिस्टर, वस्तीच्या मंडळाचे वयस्कर अध्यक्ष, सर आणि मी. अध्यक्ष साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, बोलणं हळू.

इंजिनियर तयारीने आला होता. तो सरांना म्हणाला, "सर, हे स्टँडर्ड आहे. सगळं जग हाच मॅप वापरतं."

"सगळं जग त्यावर हॉटेल शोधतं," सर म्हणाले. "कुणाची जमीन काढून घेत नाही."

"ॲक्युरसीचा इश्यू असता तर आधी कुठेतरी आला असता ना?"

"आला असेल. तुमच्यापर्यंत पोचला नसेल. जिन्याने यायला वेळ लागतो."

अधिकाऱ्यांनी हात वर केला. गृहस्थ उद्धट नव्हते. त्यांच्यासमोर दोन नकाशे होते आणि दोन्हींवर शिक्के होते. त्यांना जेवणाच्या सुट्टीआधी हा विषय संपवायचा होता.

"मॅडम, हे बघा," ते सिस्टरांना म्हणाले. "त्यांचे शंभर, तुमचे नव्वद. ताणत बसण्यात अर्थ नाही. मध्यम मार्ग काढू. पाच गुंठे सोडा. विहार राहील, अभ्यासिकेचं बघू."

अध्यक्षांनी मान खाली घातली. ते हसू दाबत होते हे नंतर कळलं.

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "मध्यम मार्ग आमच्या घरात रोज वाचला जातो. चूक आणि बरोबर यांच्या मधोमध उभं राहायचं, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मग काय करू म्हणता?"

"टेप घेऊन या. नकाशा मोजू नका, रस्ता मोजा."

ते आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पुढच्या आठवड्यात जीप वस्तीच्या रस्त्यावर थांबली. उत्तरेची बाजू सरळ होती: कालव्याच्या कठड्यापासून ट्रान्सफॉर्मरच्या खांबापर्यंत. कंपनीच्या नकाशात ही बाजू शंभर मीटर होती. टेप इंजिनियरने स्वतः धरावी, आमच्यापैकी कुणी हात लावू नये, असं सिस्टरांनी सुचवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. टेप पन्नास मीटरची असल्याने मध्ये खडूने खूण करावी लागली.

पंचाण्णव.

इंजिनियरने टेप गुंडाळली आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ताणून धरा साहेब, येतील शंभर." लोक हसले. दुसऱ्यांदाही पंचाण्णव आले. तो खांबापाशी उभा राहिला आणि लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर ठेवून काहीतरी बदलू लागला. थोड्या वेळाने तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "हां, सेटिंग." सरांनी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलले नाहीत.

अधिकाऱ्यांनी सिस्टरांना बाजूला बोलावलं. मी दोन पावलांवर होते, त्यामुळे ऐकू आलं.

"ठीक आहे. तुमची जागा बरोबर आहे असं मी लिहितो. खास बाब म्हणून लाल पट्टा काढून टाकू. तुम्ही तसा अर्ज द्या. विहार तुमचा, अभ्यासिका तुमची. विषय संपला."

"खास बाब कशाची?"

"म्हणजे, तुमच्यापुरती."

सिस्टर इंजिनियरकडे वळल्या. "दादा, तुमच्या कंपनीने आणखी किती वस्त्या मोजल्या?"

त्याने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. "हायवेच्या बाजूच्या आहेत बऱ्याच."

"त्याच सेटिंगने?"

त्याने लॅपटॉप मिटला.

"मग खास बाब नको," सिस्टर म्हणाल्या. "हिशोबात चूक झाली, असं लिहा. काय चूक झाली तेही लिहा."

अधिकाऱ्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, मी तुम्हाला देतोय ते घ्या. दुसऱ्यांची वकिली करायला तुम्हाला कुणी सांगितलंय? चूक लिहायची तर फाइल वर जाईल. वर काय होईल ते मी सांगू शकत नाही. तोवर पट्टा राहील."

"राहू द्या."

जीप गेली. ती वळणाआड जाईपर्यंत अध्यक्ष थांबले, मग सिस्टरांसमोर येऊन उभे राहिले. या सगळ्या प्रकरणात त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"ताई, हे काय केलंस? हातात आलं हुतं. विहार वाचत हुता न्हवं? माझ्या बापानं त्याच्या पायाला दगड वाहिल्यात. उद्या वरून उलटं आलं तर तू त्या पाच घरांच्या दारात जाऊन काय सांगणार हायेस?"

लाल पट्ट्यात घर असलेली माणसं तिथेच होती. सिस्टर अध्यक्षांशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"काका, वॉर्डात शुगर मोजायचं मशीन असतं. एका पेशंटचं रीडिंग चुकलं, तर पुन्हा मोजतो आणि पुढे जातो. पण मशीनच चुकीचं निघालं, तर त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट परत घेतो. ज्याने तक्रार केली त्याचा एकट्याचा बदलून बाकीच्यांना तसंच औषध दिलं, तर त्याला मी नर्सिंग म्हणत नाही. आणि मेहेरबानी म्हणून मिळालेलं उद्या दुसरा साहेब येऊन परत घेईल. चूक म्हणून दुरुस्त झालेलं त्याला परत घेता येणार नाही."

"आन् न्हाई झालं दुरुस्त तर?"

"तर विहाराच्या दारात पहिली मी बसेन. रजा शिल्लक आहे."

पटलं असं अध्यक्ष म्हणाले नाहीत. "बस एकटीच," असं मात्र म्हणाले, "तुला बसता येत असलं तर. माझे गुडघे बघून मग सतरंजी आण." त्यावरून लोकांनी समजायचं ते समजून घेतलं.

त्यानंतरचे दिवस कुणासाठीही चांगले नव्हते. अभ्यासिकेच्या भिंतीवर कंपनीच्या माणसांनी केलेली लाल रंगाची खूण तशीच होती. मुलांनी तिच्या बरोबर मधोमध खिळा ठोकून आपलं अभ्यासाचं वेळापत्रक टांगलं. लाल पट्ट्यातल्या एका घरात लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांना कुणीतरी नकाशा दाखवला आणि बोलणी थांबली. ते घर सिस्टरांशी बोलेनासं झालं. सिस्टर त्यांच्याकडे गेल्या, दार उघडलं नाही, परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

आमच्या खोलीत सरांनी तांत्रिक टिपण तयार केलं. वस्तीचे बिंदू तीन प्रक्षेपणांत, तीन उत्तरं, टेपची मोजणी, दीड गुंठ्याची कमी-जास्त. माझं काम विशेषणं काढण्याचं होतं. सरांच्या मसुद्यात 'अक्षम्य' हा शब्द होता, तो काढला. 'हास्यास्पद' होता, तोही काढला. "मग उरलं काय?" त्यांनी विचारलं. आकडे उरले होते. ते पुरेसे उद्धट होते.

टिपण सिस्टरांनी स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. फाइल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. इंजिनियरने मध्ये एकदा सरांना फोन करून प्रक्षेपणाबद्दल काही शंका विचारल्या. सरांनी त्याला तासभर समजावलं आणि शेवटी म्हणाले, "आता हे सगळं तुमच्या साहेबांना लेखी द्या." त्याने दिलं असावं. कारण आदेश आला तेव्हा त्यातलं पहिलं वाक्य कार्यालयाच्या भाषेतलं नव्हतं. 'क्षेत्रफळ काढताना वापरलेल्या नकाशा-प्रक्षेपणामुळे क्षेत्र वाढीव आले. सबब सदर नकाशा रद्द करण्यात येत आहे.' अतिक्रमण नाही, असंही पुढे लिहिलं होतं. बाकीच्या वस्त्यांबद्दल मात्र अक्षर नव्हतं.

आदेश वाचून झाल्यावर अध्यक्षांनी पेढे आणायला माणूस पाठवला. थांबलेली बोलणी पुन्हा सुरू झाली. ते घर सिस्टरांशी अजूनही जेवढ्यास तेवढं बोलतं. सिस्टरांनी आमच्या खोलीखालच्या दुकानात आदेशाच्या झेरॉक्स काढल्या. गठ्ठा पिशवीत भरून त्या वर आल्या आणि चपला न काढताच दारात उभ्या राहिल्या.

"रविवारी लोणीच्या बाजूला जायचंय. तिथल्या एका वस्तीलाही पट्टा आलाय. सर, बूट घाला."

त्या वस्तीत पुन्हा तीच वाट पाहणं, तेच निळं वर्तुळ, तीच उलट फेरी. या वेळी बिंदू घ्यायला अभ्यासिकेतली ती मुलगी होती. मी फक्त तपासत होते. हायवेवरून ट्रक जात होते आणि बोलणं ओरडून करावं लागत होतं. क्षेत्र मी तिथेच, झाडाखाली बसून काढलं. कंपनीने दाखवलेल्या वाढीव जागेतली बरीचशी ताणाची निघाली. पण सगळी नाही. ताण वजा करून आणि फोनची चूक धरूनही तीनेक गुंठे उरत होते. ते खरोखर वाढलेले होते.

मी तसं सांगितलं. वस्तीतला एक माणूस पुढे आला. ट्रॅक्टरवरून उतरून थेट आला होता, हाताला ग्रीस होतं.

"आमी तुमाला बोलावलं कशाला मग? त्यांचं बी हाय म्हणायचं आन् तुमचं बी हाय म्हणायचं? हा कागद फाडा इथंच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत सिस्टर मध्ये आल्या.

"फाडू नका, दादा. तुमची जागा त्यांनी बारा गुंठे जास्त दाखवली. त्यातले नऊ आजच परत मागा, हा आदेश दाखवून. कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही."

"आन् तीन?"

"तीन तुमचे आहेत का?"

त्या माणसाने हायवेच्या बाजूला हात केला. "गोठा हाय तिकडं," तो म्हणाला. "म्हाताऱ्यानं वाढवला हुता."

"मग गोठ्याचं काय ते तुमचं तुम्ही भांडा. मीही येईन. पण घरं त्या गोठ्याला बांधून देऊ नका. साहेबाला तेच हवंय. तीन खरे म्हणून बाराच्या बारा खरे."

त्याने हात लुंगीला पुसले आणि झेरॉक्स घेतली. उभ्याउभ्या सगळी वाचली, प्रक्षेपण या शब्दापाशी अडखळला, पुन्हा मागे जाऊन वाचली. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, उंबऱ्यापाशी उभी ऱ्हा. ही पोरगी तुझ्या घराचा कोपरा घेतीया."

मुलीने फोन वर धरला आणि वर्तुळ बसायची वाट पाहू लागली.